पासवर्ड भावाकडे होता

बुधवारी दुपारी छापखान्यातून फोन आला. तिथला माणूस म्हणाला, "ताई, तुमच्या जुन्या प्रोग्रॅममधल्या फायली आता आमच्याकडे उघडत नाहीत. नवीन व्हर्जन टाका आणि त्यातून पाठवा. शनिवार संध्याकाळपर्यंत आलं तर ठीक. नाहीतर मी मशीन दुसऱ्या कामाला लावतोय, मग तुमचा नंबर दिवाळीनंतर."

काम आमच्या समाजाच्या मंडळाच्या स्मरणिकेचं होतं. अठ्ठेचाळीस पानं. खाडीकाठच्या आमच्या गावांमधल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, लग्नातली गाणी आणि शेवटी घरातल्या बोलीतल्या शब्दांची यादी. सगळं मीच टाईप केलं होतं, पानंही मीच लावली होती. वीस वर्षं मी हेच करते. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, कुणी गेलं की त्याच्या तेराव्याची पत्रिका. विरारच्या मनवेलपाड्याला तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर, तेच घर आणि तेच दुकान. एकच खिडकी आहे. तिच्यातून हात बाहेर काढला तर शेजारच्या इमारतीच्या भिंतीला लागेल, इतकी ती भिंत जवळ. दिवसाही दिवा लावून बसावं लागतं.

नवीन व्हर्जन मी आधीच घेऊन ठेवलं होतं, टाकायचा कंटाळा केला होता. ते चालू केलं तर ते म्हणालं, आधी जुनं काढा. जुनं काढायला गेले तर पडदा काळवंडला आणि मध्ये एक चौकट आली. चौकटीत माझ्या धाकट्या भावाचं नाव होतं, आणि नावाखाली पासवर्डची रिकामी जागा.

मी 'नको' दाबलं. ते नाव मी दोन वर्षांत फोनवरसुद्धा उघडलेलं नव्हतं.

मग मी मूर्खपणा केला. जुन्या प्रोग्रॅमचा फोल्डर मला दिसत होता. म्हटलं, काढायचाच आहे ना, मग हातानेच काढून टाकते. सगळं निवडलं आणि कायमचं पुसायची बटणं दाबली. हिरवी पट्टी सरकत सरकत निम्म्यावर आली आणि थांबली. ही फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे, बंद करून पुन्हा प्रयत्न करा. मी उघडं होतं नव्हतं ते सगळं बंद केलं. पुन्हा तेच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पुन्हा तेच. दुसऱ्या एका फाईलवर तर नुसतंच आलं, तुम्हाला परवानगी नाही.

निम्म्या फायली गेल्या होत्या आणि निम्म्या जागच्या हलत नव्हत्या. आता जुना प्रोग्रॅम चालू होईना. नवा म्हणे, जुना अजून आहे. जुना काढायला जावं तर तो म्हणे, काढायचं साधनच सापडत नाही. स्मरणिकेच्या फायली शेजारच्या फोल्डरमध्ये सुखरूप होत्या, पण उघडायच्या कशात? मी पाऊण तास त्याच तीन बटणांमध्ये फिरत राहिले. शेवटी उठून पाणी प्यायले.

हा कॉम्प्युटर भावानेच जोडून दिला होता. तो वसईच्या एव्हरशाईन सिटीत राहतो, एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करतो. त्याआधीच्या मशीनमध्ये मी कुठल्यातरी जाहिरातीवर बोट दाबून व्हायरस घेतला होता. म्हणून नवीन मशीन देताना त्याने मालकीचं खातं स्वतःच्या नावाने ठेवलं आणि मला साधं खातं दिलं. "काही टाकायचं-काढायचं असेल तर मला सांग. मी येऊन करून देईन," असं म्हणाला होता. तेव्हा मला बरं वाटलं होतं. आपल्यामागे कुणीतरी उभं आहे असं.

गुरुवारी सकाळी मी कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. भला माणूस आहे. त्याने दहा मिनिटं इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, हे ॲडमिनच्या, म्हणजे मालकीच्या खात्याच्या पासवर्डशिवाय होणार नाही. ये भाई कौन है?"

"माझा भाऊ."

"मग फोन लावा ना. दोन मिनिटांचं काम आहे."

मी म्हटलं, तो बाहेरगावी आहे. खोटं इतक्या चटकन आलं की माझं मलाच नवल वाटलं.

"मग फॉरमॅट मारतो. तुमच्या फायली पेनड्राईव्हवर घेऊ, बाकी सगळं साफ. दुपारपर्यंत मशीन नवी कोरी."

"आणि त्याच्या खात्यातलं?"

त्याने भावाच्या फोल्डरवर दोनदा टिचकी मारली. परवानगी नाही. "हे उघडतच नाही. काढून पण घेता येणार नाही. डिस्कलाच कुलूप आहे, किल्ली त्यांच्याकडे. फॉरमॅटमध्ये हे जाणार. आत काय आहे?"

मला माहीत नव्हतं. आईच्या आजारपणात तो या मशीनवर बसून तिचे रिपोर्ट चढवायचा, फोटो काढून ठेवायचा. आत काय काय असेल, कोण जाणे. ते मी पुसलं असतं तर आमच्यात उरलंसुरलं तेही गेलं असतं.

"राहू दे," मी म्हटलं. "मी बघते."

तो गेल्यावर मी पासवर्ड ओळखायला बसले. लाज वाटत होती, चोरी करतोय असं वाटत होतं, पण बसले. आईचं नाव घातलं. आमच्या गावाचं नाव घातलं. त्याच्या मुलीचं नाव, मग नावापुढे तिचं जन्मसाल. मोठी अक्षरं, छोटी अक्षरं. अकराव्या खेपेला यंत्राने सांगितलं, हे खातं तूर्त बंद केलं आहे, नंतर प्रयत्न करा.

तेवढ्यात मंडळाच्या चिटणीसांचा फोन. सत्तरीचे गृहस्थ, त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. "काय गो, झालं का छापायला? माझ्या आईची आठवण घेतलीस ना पहिल्या पानांत?"

"घेतली काका."

"आनि ते शब्द जसे सांगितले तसेच ठेव हां. आमचं पानी ते पानी. तुझं पुस्तकातलं पाणी नको करूस."

"तसंच ठेवलंय."

"मग उद्या बघायला येतो."

"उद्या नको काका. परवा या." फोन ठेवला आणि मी खुर्चीतच बसून राहिले. घरात माझ्याशिवाय कुणी नाही. समोर भिंत, मागे भिंत, मध्ये ते यंत्र, आणि त्यात माझं तीन महिन्यांचं काम. ते दिसत होतं, पण हाताला लागत नव्हतं. दार उघडं होतं, तरी कुणीतरी बाहेरून कडी घातल्यासारखा जीव कोंडला.

भावाशी काय झालं ते आता सांगायला हवं. आई चौदा महिने अंथरुणाला खिळून होती, याच खोलीत. भाऊ म्हणत होता, तिला माझ्याकडे हलवू. त्याच्याकडे लिफ्ट आहे, हवा आहे, खाली डॉक्टर आहे. मी नको म्हटलं. तिला परक्या घरात करमणार नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे ती तिकडे गेली तर मी या खोलीत काय करणार, हे मला दिसत नव्हतं. शेवटचे तीन दिवस तिने अन्न सोडलं. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी त्याला फोन केला तो तिसऱ्या दिवशी सकाळी. तो ऑफिसातून निघून दुपारी पोचला. ती तासाभरापूर्वी गेली होती.

तेराव्याला जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर तो म्हणाला, "तू तिला इथे कोंडून ठेवलंस. आणि मला बाहेर ठेवलंस."

मी म्हटलं, "चौदा महिने कूस कुणी बदलली तिची? तू?"

त्याने ताट उचलून मोरीत ठेवलं आणि बायको-मुलीला घेऊन निघून गेला. त्यानंतर फोन नाही, काही नाही. वहिनी सणाला निरोप पाठवायची, मी नमस्काराचं चित्र पाठवायचे.

शुक्रवारी सकाळी मी फोन हातात घेतला, त्याचं नाव काढलं आणि परत ठेवला. फोनवर तो 'नाही' म्हणाला असता तर मी पुढे काय केलं असतं? मग साडी बदलली आणि बस पकडली. शुक्रवारी तो घरूनच काम करतो, हे वहिनीने एकदा सणाच्या निरोपात लिहिलं होतं. बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. एव्हरशाईनला उतरेपर्यंत त्यातलं एकही उरलं नाही.

दार वहिनीने उघडलं. "ताई! या ना, आत या," म्हणाली आणि आत बघून हलकेच म्हणाली, "अहो, कोण आलंय बघा."

तो कानावरचा हेडफोन काढत बाहेर आला. केस पांढरे झाले होते. दोन वर्षांत इतके? मी उभ्याउभ्याच म्हटलं, "माझा कॉम्प्युटर अडकलाय. तुझा पासवर्ड मागतोय."

त्याने हेडफोन टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "काय करत होतीस?"

"प्रोग्रॅम काढत होते."

"कसा?"

"हाताने."

त्याने डोळे मिटले. लहानपणी मी त्याची पाटी फोडली होती तेव्हा मिटले होते तसेच. वहिनी पाणी घेऊन आली. मी बसले.

"लिहून दे मला," मी म्हटलं. "मी जाते आणि करते."

"लिहून देता येणार नाही."

"नसेल द्यायचा तर तसं सांग."

"द्यायचं नाही असं नाही गं. आठवत नाही. कीबोर्डवर बोटं ठेवली की आपोआप येतो, तोंडाने सांगता नाही येत." तो आत गेला, कुणाशी तरी बोलला, शर्ट घालून आला. "चल."

रिक्षात आम्ही दोघं दोन कडांना बसलो. वसईहून विरारपर्यंत तो फक्त एकदा बोलला. "स्मरणिका आहे का?" मी हो म्हटलं.

घरात शिरताना तो उंबऱ्याशी जरा थांबला. कॉट मी कधीच काढून टाकली होती, तिथे आता कागदांचे गठ्ठे आहेत. तो त्यांना वळसा घालून खुर्चीत बसला. पासवर्ड घातला. चूक. पुन्हा घातला. चूक.

"कॅप्स लॉक चालू आहे," तो म्हणाला. मग मान वळवून, "किती वेळा प्रयत्न केलास?"

"अकरा."

"काय काय घातलंस?"

मी सगळं सांगितलं. आईचं नाव, गावाचं नाव, मुलीचं नाव. तो खाली बघून हसला, पण आवाज आला नाही. "आईचं नाव ठेवणारच होतो. पण ते तुला पहिल्या फटक्यात कळलं असतं."

त्याची बोटं चालली आणि खातं उघडलं. मी त्याच्या मागे उभी राहून बघत होते. ज्या फोल्डरच्या विचारात मी दोन दिवस काढले होते, तो त्याने उघडला. आत त्याचे नोकरीचे जुने अर्ज होते, काही प्रोग्रॅमच्या मूळ फायली होत्या, आणि 'आई' नावाचा एक फोल्डर. तोही त्याने उघडला. रिकामा होता.

"रिपोर्ट सगळे माझ्या घरी नेले होते," तो म्हणाला.

मग तो कामाला लागला. कोणती फाईल अडून बसलीय ते बघितलं. जुन्या प्रोग्रॅमचाच एक छोटा भाग होता, कॉम्प्युटर चालू झाला की गुपचूप चालू व्हायचा आणि प्रिंटरवर नजर ठेवायचा. मी वरून सगळं बंद केलं तरी हा खाली चालूच राहायचा, आणि फाईल त्याच्या हातात होती. भावाने तो थांबवला. ज्या फायलींना परवानगी नव्हती त्यांची मालकी स्वतःकडे घेतली. तरी काढायचं बटण चालेना.

"ताई, तू काढायचा प्रोग्रॅमच काढून टाकलास."

"मग?"

"मग आता जुना पुन्हा घालायचा. होता तसा पूर्ण. आणि मग तो नीट काढायचा."

"काढण्यासाठी परत घालायचा?"

"दुसरा उपाय नाही."

जुन्याची मूळ फाईल त्याच्याच फोल्डरमध्ये होती. तो पुन्हा चढायला लागला. पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. मी चहा ठेवला. कप घेऊन आले तेव्हा तो पडद्याकडे बघत नव्हता, कागदांच्या गठ्ठ्यांकडे बघत होता.

"शेवटी काय म्हणाली ती?" त्याने विचारलं.

दोन वर्षांत हे त्याने विचारलं नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं. खोटं सांगणं सोपं होतं. तुझी आठवण काढली म्हटलं असतं तर तो रडला असता आणि आमचं मिटलं असतं. पण खोटं एकदा बोलून झालं होतं, दुरुस्तीवाल्याशी, आणि त्याने काही सुटलं नव्हतं.

"काही नाही म्हणाली," मी म्हटलं. "शेवटचे दोन दिवस ती मलाही ओळखत नव्हती. तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारायची. पानी मागायची आणि प्यायची नाही."

"मला वाटायचं, तिने मला बोलव म्हटलं असेल आणि तू बोलावलं नसशील."

"तिने म्हटलं नाही. पण मी बोलवायला हवं होतं. पहिल्याच दिवशी कळलं होतं मला." मी कप त्याच्याजवळ ठेवला. "तू आलास तर तिला घेऊन जाशील, असं वाटलं. उचलून गाडीत घालशील. म्हणून थांबले."

पट्टी शंभरावर पोचली, पूर्ण झालं असं यंत्राने सांगितलं, तरी त्याने माऊसला हात लावला नाही.

"नेलीच असती मी," शेवटी तो म्हणाला. "आणि ती रस्त्यात गेली असती."

चहा निवला होता. त्याने तो तसाच प्यायला आणि काम पुढे चालू केलं. जुना प्रोग्रॅम नीट निघाला, एकाही फाईलने तक्रार केली नाही. नवा बसला. स्मरणिका उघडली तर पहिल्या पानावर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं, जुना फॉन्ट नव्याला कळत नव्हता. मी मटकन खालीच बसले. त्याने तोही बदलून दिला, पण बोलीतल्या शब्दांची सहा पानं काही केल्या सुधरेनात. मग मी पेनाने लिहिलेली मूळ यादी काढली, तो वाचायला लागला आणि मी पुन्हा टाईप करायला. एका शब्दावर आमचं अडलं. तो म्हणाला, आई असं नाही बोलायची. मी म्हटलं, असंच बोलायची. शेवटी काकांना फोन केला. काकांनी तिसराच उच्चार सांगितला.

दिवेलागणीला तो उठला. जाण्याआधी त्याने माझ्या खात्याला मालकीचे सगळे हक्क देऊन टाकले. "आता तुझं तू टाक, तुझं तू काढ. माझं खातं पुसू का?"

"असू दे," मी म्हटलं.

शनिवारी चार वाजता फायली छापखान्यात गेल्या. स्मरणिका वेळेवर निघाली. एका पानावर दोन ओळी चिन्हांच्याच राहून गेल्या. काकांनी त्या शोधून काढल्या, आणि अजून भेटले की दाखवतात.

आईच्या पुढच्या वर्षश्राद्धाला भाऊ सहकुटुंब आला. पान वाढलं, जेवणं झाली, आणि जाताना त्याने भिंतीवरचा आईचा फोटो मागितला. मी देणार नाही म्हटलं. तो म्हणाला, तिची प्रत्येक गोष्ट तुलाच कशी हवी असते. मी आवाज चढवला, त्यानेही चढवला, शेजारीण दारात येऊन बघून गेली. वहिनी मध्ये पडली तेव्हा दोघं गप्प झालो. तो फोटो न घेताच गेला. मला वाटलं, झालं, पुन्हा दोन वर्षं.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "फोटोचा मोबाईलवर एक चांगला फोटो काढून पाठव," म्हणाला. "आणि तिरका काढू नकोस."